थुंकी तपासली का?

शास्त्रपाठ : लेवीय १३, लूक १७:११-१९



पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर, पावसाळ्याच्या तोंडावर, एका बहिणीने उपासनेत उभे राहून साक्ष दिली. तिला क्षयरोग झाला होता. दोन महिने गोळ्या घेतल्या, मंडळीने प्रार्थना केली, खोकला थांबला, ती पुन्हा शेतावर जाऊ लागली. "प्रभूने मला बरे केले, म्हणून गोळ्या बंद केल्या," असे तिने सांगितले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मला माहीत होते. क्षयाचे औषध निदान सहा महिने घ्यावे लागते. पहिल्या दोन महिन्यांत बहुतेक जंतू मरतात, म्हणून माणसाला बरे वाटते. पण चिवट जंतू मागे उरतात. औषध मध्येच सोडले तर ते पुन्हा वाढतात, आणि कधी कधी त्यांच्यावर नेहमीच्या गोळ्या चालेनाशा होतात. हेच मी पाड्यापाड्यांवर समजावत फिरते! पण साक्षीच्या वेळी प्रश्न विचारला तर लोक म्हणतील, ताईंचा विश्वास थंडावला. म्हणून गप्प बसले.

पाऊस सरता सरता खोकला परत आला. थुंकीत जंतू सापडले. तिची चार वर्षांची नात तिच्याच कुशीत झोपत होती.

त्यानंतर मी लूकचा सतरावा अध्याय पुन्हा वाचला. दहा कुष्ठरोग्यांपैकी आभार न मानणाऱ्या नऊ जणांवर आपण इतके उपदेश ऐकले आहेत की त्याआधीचे वाक्य आपल्या कानांवरून निघून जाते. प्रभू त्या दहाही जणांना याजकांकडे पाठवतो. कशासाठी? अंग दाखवायला. लेवीयात त्याची रीत दिली आहे. याजक डाग पाहतो, शंका असेल तर माणसाला सात दिवस वेगळे ठेवतो, सातव्या दिवशी पुन्हा पाहतो, गरज पडल्यास आणखी सात दिवस थांबतो. औषध देणे हे त्याचे काम नव्हते. त्याने पाहायचे आणि मगच शुद्ध म्हणायचे. स्वतः बरे करणाऱ्या प्रभूला ही तपासणी अपमानाची वाटली नाही. मग मला का वाटावी?

तापाने फणफणलेल्या मुलाला भगताकडे नेले की आपण कार्यकर्ते त्या आईला लगेच विचारतो, "रक्त तपासले का?" तोच प्रश्न आपल्या मंडळीत विचारताना जीभ अडखळते.

आपल्याकडे ही परंपरा नाही असेही नाही. नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळक घ्या. वडिलांचे कडक सोवळे पाहत त्या वाढल्या. पती नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, पण नवऱ्याने धर्म बदलला म्हणून त्यांनी तो बदलला नाही. त्या रडल्या, भांडल्या, वेगळ्या राहिल्या. जाती देवाने केल्या की माणसाने, याचा स्वतःशीच विचार करून त्या उत्तरापर्यंत पोहोचल्या. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. मधली पाच वर्षे अविश्वासाची होती असे मला म्हणवत नाही.

मी त्या बहिणीकडे जाऊन माझी चूक कबूल केली. ती म्हणाली, "ताई, गोळी घेतली तर देवावर भरवसा नाही असं होतं का?" मी म्हटले, दोन महिन्यांत खोकला थांबला तेव्हाही प्रार्थना आणि गोळ्या दोन्ही चालूच होत्या, त्यांतले एक सोडायला प्रभूने कुठे सांगितले? ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

तिचे उपचार नव्याने सुरू झाले आहेत. नातीला आजार निघाला नाही, तरी तिलाही प्रतिबंधक औषध चालू आहे. मंडळीच्या पाळकांशी बोलून आम्ही ठरवले आहे की बरे झाल्याची साक्ष देणाऱ्याबरोबर आधी कोणीतरी दवाखान्यात जाऊन यायचे. दोघा वडिलांना हे अजून पटलेले नाही. त्यांच्याशी बोलणे चालू आहे.

बहिणीची थुंकी पुढच्या महिन्यात पुन्हा तपासायची आहे. तिच्यासाठी आणि नातीसाठी प्रार्थना करा.