स्वतःला 'सेवक' म्हणवणारे सरदार

प्रश्न : राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'मधला एक खंड वाचतो आहे. मोठमोठी माणसे पत्रात स्वतःला 'सेवक', 'पोष्य' म्हणवतात. ही नम्रता खरी मानायची का? – एक वाचक, पारोळा

उत्तर : खरी की खोटी, हे तूर्त सोडा. तो मायना आहे. मायन्यावरून माणसाचा स्वभाव कळत नाही, त्याची पायरी कळते. 'पोष्य' म्हणजे ज्याचे पालनपोषण समोरच्याने करायचे तो. पदरी फौज बाळगणारा सरदारही पेशव्यांना लिहिताना 'सेवक' होई, 'विज्ञापना' करी आणि शेवटी 'कृपा असो दिजे' म्हणे. तोच हाताखालच्या माणसाला लिहायला बसला की 'जाणिजे', 'सुज्ञ असा' अशी भाषा येई. बरोबरीच्याला नमस्कार आणि लोभ, धाकट्याला आशीर्वाद, वडिलांपुढे स्वतः 'अपत्य'. पण वरिष्ठांना केलेल्या 'विज्ञापने'च्या पोटात थकलेल्या पैशाचा तगादा असे, तक्रार असे, प्रसंगी दमही असे.

हे आपल्याकडेच आहे असे नाही. कँटनीजमध्ये भारदस्त लेखी भाषेत माणूस स्वतःला 'पेइ यान' म्हणवतो, म्हणजे गावंढळ माणूस. जुन्या चिनी शिष्टाचारात आपले घर 'गार झोपडी' आणि आपले लेखन 'ओबडधोबड'. रोजच्या बोलण्यात असे कुणी म्हणत नाही. म्हटलेच तर भाषणात किंवा थट्टेने. आपल्याकडेही दुमजली बंगल्याचा मालक 'गरिबाच्या घरी या' म्हणतोच की!

मला यात सर्वांत लबाड वाटतो तो पोथीचा नकलकार. जसे पाहिले तसे उतरवले, शुद्ध-अशुद्धाचा दोष मला देऊ नये, असे तो शेवटी संस्कृतात लिहून मोकळा होतो. नम्रताही झाली आणि हातही वर! हस्तलिखित पोथ्यांची हौस असेल तर धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देवांनी उभे केलेले समर्थ वाग्देवता मंदिर आहे.

शाळेच्या अर्जाखालचा 'आपला आज्ञाधारक' मात्र या घराण्यातला नव्हे. त्यावर इंग्रजी अर्जाची छाया आहे.

राजवाडे 1926च्या अखेरीस धुळ्यातच वारले आणि 1927मध्ये त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे उभे राहिले. पुढचा खंड तिथे बसून वाचा. आणि मायना ओलांडून मजकुराकडे धावू नका. दोन माणसांमधला मायना बदललेला दिसला, तर दरम्यान काय घडले ते आधी शोधा.