मागे राहिलेले बदक

जोडीतले एक बदक मेले की मागे राहिलेल्याबद्दल दोन तऱ्हेने बोलले जाते. ‘पाखरूच ते, दोन दिवसांत विसरेल’ ही एक तऱ्हा. ‘खात नाही म्हणजे शोक करते आहे, थोडा वेळ जाऊ द्या’ ही दुसरी. मला दोन्हींचे भय वाटते, पण दुसरीचे जास्त. ती मायेपोटी येते, म्हणून तिच्यावर कुणी शंका घेत नाही.

शोक खोटा आहे असे मी म्हणत नाही. जोडीदार गमावलेला कलहंस रात्रंदिवस साद घालत भटकतो आणि पुढे कळपातल्या दुबळ्या हंसापुढेही माघार घेतो, हे कोनराड लोरेन्झ यांनी बारकाईने नोंदवले आहे. यावर आक्षेप येईल की हंस जन्माची जोडी बांधतात, बदके नाही. मादी अंड्यांवर बसली की रानबदकातला नर निघून जातो. आक्षेप खरा आहे. म्हणूनच बदकाच्या दुःखाला मी वैधव्य म्हणणार नाही. त्याचे जे हरवते ते मला अधिक मूलभूत वाटते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रांगेत झोपलेली रानबदके पाहिली गेली. मधली निवांत झोपत; कडेची मात्र मेंदूचा अर्धा भाग जागा ठेवून बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवत. मस्कोव्ही सोडले तर आपली पाळीव बदके याच रानबदकांच्या कुळातली. दोनांतले एक गेले की उरलेल्याच्या दोन्ही बाजू उघड्या पडतात. त्याची ओरड, त्याची बेचैनी मी या पहाऱ्याशी जोडून पाहतो. आणि जोरदार ‘क्वॅक’ मादीचा असतो. नराचा आवाज मुळातच घोगरा, दबका. तो गप्प आहे म्हणून त्याला काही वाटत नाही असे समजू नये.

पण मान टाकणे, न खाणे, कोपऱ्यात बसणे ही आजाराचीही लक्षणे आहेत. उन्हाळ्यात सडक्या डबक्यातून बॉट्युलिझम होतो, त्यात मान लुळी पडते. पहिले बदक ज्याने मेले त्यानेच दुसरे आजारी असू शकते. बर्ड फ्लूचा विषाणू तर काही बदके फारशी लक्षणे न दाखवता बाळगतात. २००६ साली नवापूरच्या कोंबड्यांमध्ये हा रोग आढळला, तेव्हा महाराष्ट्राने त्याची किंमत पाहिली आहे. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी पशुवैद्य, मग शोक. सोबत्याला मृतदेह पाहू द्यावा, म्हणजे तो शोधत फिरणार नाही, असे काही पाळणारे सांगतात. कुत्र्याने धरले किंवा जुनी दुखापत होती, असे कारण उघड असेल तर माझी हरकत नाही. मृत्यू अचानक आला असेल तर मात्र मृतदेह लगेच बाजूला न्यावा, उघड्या हाताने शिवू नये आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

नवा सोबती हवाच, पण त्याच संध्याकाळी बाजारातून उचलून आणलेला नको. काही आठवडे त्याला दूर, वेगळ्या पाण्यावर ठेवावे, मग काही दिवस जाळीपलीकडे. एकट्या नराला कोंबड्यांत सोडण्याचा मोह टाळावा. तो त्यांच्यावर चढून त्यांना जखमी करतो. तोवर रात्री खुराडे नीट बंद करावे आणि शक्य असेल तर ते माणसांच्या वावराजवळ हलवावे. पुढच्या वेळी सुरुवातच तीन-चार बदकांनी करावी.