रक्तातील साखर आणि मनातील धास्ती

मधुमेही रुग्णास डोळे, मूत्रपिंडे, हृदय व पाय यांची काळजी घेण्यास आवर्जून सांगितले जाते. मनाचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. वास्तविक हा विचार नवा नाही. सतराव्या शतकातील इंग्रज वैद्य थॉमस विलिस यांनी दीर्घकालीन दुःखाचा मधुमेहाशी संबंध जोडला होता. त्यांची कारणमीमांसा आज जशीच्या तशी मान्य होणार नाही. तथापि मधुमेही प्रौढांत चिंताविकार इतरांपेक्षा अधिक आढळतो, हे अनेक देशांतील अभ्यासांतून दिसून आले आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. यावरून या प्रश्नाची व्याप्ती ध्यानी यावी.

मन चिंताग्रस्त झाले की शरीरात ॲड्रेनलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात. त्यांच्या प्रभावाने यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते आणि इन्शुलिनचे कार्य मंदावते. शिवाय चिंतेने झोप उडते, फिरणे सुटते, जेवणाच्या वेळा चुकतात. साखर वाढल्याचे पाहून चिंता आणखी वाढते, हे ओघाने आलेच.

खरी गुंतागुंत पुढेच आहे. रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली असता छातीत धडधड, हातांना कंप, दरदरून घाम आणि जीव घाबरा होणे ही लक्षणे दिसतात. तीव्र चिंतेच्या झटक्याचीही नेमकी हीच लक्षणे! दोहोंतील भेद केवळ अनुभवाने ओळखता येईल, असे मानणे धोक्याचे आहे. ग्लुकोमीटरवर एक थेंब रक्त तपासणे हाच त्यावर खात्रीचा मार्ग. यंत्र जवळ नसल्यास, इन्शुलिन किंवा साखर कमी करू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णाने साखर उतरली असे समजून तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. रुग्ण बेशुद्ध असल्यास तोंडाने काहीही देऊ नये. त्यास तत्काळ रुग्णालयात हलवावे.

याहून फसवा असा एक प्रकार आहे. अनेक महिने साखर तीनशेच्या घरात राहिलेल्या रुग्णाची साखर औषधोपचाराने झपाट्याने खाली येऊ लागली, की ती पूर्णतः सुरक्षित पातळीवर असतानाही त्याला थरथर व घाबरेपणा जाणवतो. शरीर वरच्या पातळीला सरावलेले असते. रुग्ण मात्र ‘हे औषध मला मानवत नाही’ असा निष्कर्ष काढून ते परस्पर बंद करतो. कोणी रात्री साखर उतरेल या भीतीने इन्शुलिनची मात्रा स्वतःच कमी करतो, तर कोणी झोपण्यापूर्वी पोटभर खाऊन घेतो. बाहेरून हा निष्काळजीपणा भासतो. पुष्कळदा ती भीती असते. अशा रुग्णास रागावून काहीच साधत नाही. औषधाची मात्रा हळूहळू वाढवणे व साखरेची नियमित नोंद ठेवणे यांनी ती भीती कमी होऊ शकते.

कुटुंबीयांविषयीही लिहिणे प्राप्त आहे. सणावारी पुरणपोळीच्या पानावर सर्वांचे डोळे एकट्या मधुमेह्याकडे लागतात, प्रत्येक घासाचा हिशेब मागितला जातो. हेतू प्रेमाचाच असतो. परंतु सततच्या पहाऱ्याने माणूस चोरून खाऊ लागतो व साखरेचा आकडा लपवू लागतो. त्यापेक्षा घरातील सर्वांनीच एकसारखे जेवावे, संध्याकाळी सोबत फिरावयास जावे.

चिंता दोन आठवड्यांहून अधिक टिकून दैनंदिन व्यवहारात अडथळा येत असेल, तर ते डॉक्टरांना अवश्य सांगावे. सात साध्या प्रश्नांची एक प्रश्नावली उपलब्ध असून काही मिनिटांत प्राथमिक अंदाज येतो. विचारांना वळण लावणारी समुपदेशन पद्धती व आवश्यक तेथे औषधे, हे दोन्ही उपाय मधुमेह्यांस लागू पडतात. मात्र धडधड कमी करण्यासाठी काही वेळा दिल्या जाणाऱ्या बीटा-ब्लॉकर गटातील गोळ्यांनी साखर उतरल्याची धडधड व कंप झाकले जाऊ शकतात. घाम तेवढा येत राहतो. म्हणून मनोविकारतज्ज्ञांकडे जाताना मधुमेहाच्या सर्व औषधांची चिठ्ठी सोबत न्यावी. ज्यांना तज्ज्ञांपर्यंत पोहोचणे कठीण आहे, त्यांच्यासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा विनाशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. तेथे मराठीतूनही बोलता येते.