शिक्षणशास्त्रात पीएच.डी. : अर्ज शेवटी, प्रश्न आधी

मुलीचं एम.एड. झालंय आणि नोकरीची जाहिरात काही निघत नाही, अशा घरात कधी ना कधी पीएच.डी.चा विषय निघतोच. सावरगाव असो, नदीपलीकडचं पांढुर्णा असो की सौंसर, घरच्यांचे प्रश्न ठरलेले असतात. अजून किती वर्षं शिकणार? पैसा कुठून आणायचा? आणि एवढं करून शेवटी मास्तरीणच होणार ना?

शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण तो सगळ्यात खरा आहे. शाळेत शिकवायला पीएच.डी. लागत नाही. तिथे प्राथमिकच्या वरच्या वर्गांना बी.एड. आणि शिक्षक पात्रता परीक्षा चालते. ही पदवी कामाची ठरते ती बी.एड.-एम.एड. कॉलेजांत, विद्यापीठांत, किंवा अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तकं आणि शैक्षणिक संशोधनाचं काम करणाऱ्या संस्थांत. त्यातही १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापक पदासाठी नेट, सेट किंवा स्लेट यांपैकी एक पात्रता परीक्षा ही किमान अर्हता आहे आणि पीएच.डी. ऐच्छिक. म्हणजे केवळ प्राध्यापकी हवी असेल, तर आधी नेट काढा. ‘रिकामं बसण्यापेक्षा बरं’ म्हणून पीएच.डी.ला नाव घालणारे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी गळतात, आणि तो दोष त्यांच्या बुद्धीचा नसतो. त्यांना शोधायचं असं काही नव्हतंच.

सावरगावच्या उमेदवाराकडे ते आहे. बाहेरच्यांना हे गाव माहीत असतं ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीच्या दगडफेकीमुळे. वर्तमानपत्रं तेवढ्यापुरती येतात आणि जातात. शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकाने मात्र इथल्या पहिलीच्या वर्गात जाऊन बसावं. १९५६ पर्यंत या भागाची राजधानी नागपूर होती. राज्य पुनर्रचनेत नागपूर सीमेपलीकडे गेलं, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला, आणि २०२३ मध्ये त्यातून पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. घरातली भाषा मराठीच राहिली, शाळेची बहुतेक ठिकाणी हिंदी. ‘पुस्तक’ घरी नपुंसकलिंगी, वर्गात स्त्रीलिंगी. मूल ‘मेरा पुस्तक’ म्हणतं, बाई ‘मेरी’ म्हणून दुरुस्त करतात, आणि मुलाला कळत नाही की आपलं नेमकं काय चुकलं. २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण निदान पाचवीपर्यंत शक्य तिथे मातृभाषेतून शिकवा म्हणतं. या वर्गात त्याचं काय होतं, हा पीएच.डी.चा प्रश्न आहे.

फक्त तो नीट मांडायला हवा. ‘पांढुर्णा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणाचा अभ्यास’ असा विषय घेऊन गेलात तर मुलाखतीत पहिल्या दोन मिनिटांत पाय घसरेल. हा विषय नाही, हे सरकारी अहवालाचं मुखपृष्ठ आहे. ‘मराठी घरातून आलेली पहिली-दुसरीची मुलं हिंदी वाचताना कुठे अडखळतात, आणि शिक्षक त्या वेळी काय करतात’ असं म्हटलं की विषयाला आकार येतो. कोणाला पाहायचं, काय नोंदवायचं, किती दिवस वर्गात बसायचं, हे आपोआप पुढे येतं. कापसाच्या वेचणीच्या आणि संत्र्याच्या तोडणीच्या दिवसांत वर्ग कोणाकोणाच्या गैरहजेरीने रिकामा होतो, आणि परत आल्यावर त्या मुलांना कुठून शिकवायला घेतात, हाही तितकाच चांगला प्रश्न. हजेरीपट शाळेत आहे, शेत गावाला लागून आहे. या मातीतल्या उमेदवाराला जे सहज दिसतं ते दिल्लीच्या उमेदवाराला वर्षभर राहूनही दिसेलच असं नाही. विषय ठरवण्याआधी ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर जाऊन देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध चाळा, फुकट आहेत. निदान दहा प्रबंधांची पहिली प्रकरणं वाचा. चांगला कोणता आणि पाट्या टाकलेला कोणता, ते तुम्हालाच कळू लागेल.

आता नियम. विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) नोव्हेंबर २०२२ची नियमावली सध्या लागू आहे. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के हवेत. राखीव प्रवर्ग, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना पाच टक्क्यांची सूट. शिक्षणशास्त्रासाठी बहुतेक विद्यापीठं एम.एड. किंवा एम.ए. शिक्षणशास्त्र मागतात. किमान तीन वर्षं, कमाल सहा. त्यात किमान बारा श्रेयांकांचा कोर्सवर्क. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षं मिळतात, आणि मुलींना त्याहून दोन जास्त, शिवाय बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. ‘लग्न झाल्यावर कसं होईल’ या काळजीला नियमात एवढं उत्तर आहे. बाकीचं उत्तर सासरच्यांशी आधीच बोलून घ्यायचं. नोकरी करणाऱ्या शिक्षकांना अर्धवेळ पीएच.डी. करता येते, पण नेमणूक देणाऱ्या कार्यालयाचं ना-हरकत पत्र लागतं. ते मिळायला वेळ लागतो, तेव्हा जाहिरातीची वाट न पाहता अर्ज टाकून ठेवा.

पैशाचा प्रश्न नेटने बराचसा सुटतो. त्यातून जेआरएफ ही संशोधन फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, नंतर ४२,०००. वयाची अट साधारण तीस वर्षं, मुलींना आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची सूट. २०२४ पासून नेटमध्ये ‘फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र’ असाही एक गट आहे. त्यात नेटच्या गुणांना ७० टक्के वजन, मुलाखतीला ३०. या गटातल्यांचे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात, हे विसरू नका. परीक्षेचं माध्यम इंग्रजी किंवा हिंदी. नागपूर-अमरावतीकडची मराठी माध्यमातली मुलं इथे अडतात. त्यांना ‘मूल्यमापन’ पाठ असतं आणि प्रश्नपत्रिकेत ‘मूल्यांकन’ येतं. हिंदीत शिकलेल्या सौंसर-पांढुर्ण्याच्या पोरांना ही अडचण नाही, उलट मराठीतली पुस्तकंही वाचता येतात. ही पुंजी आहे, वापरा.

गाइडबद्दल लोक सगळ्यात कमी विचारतात आणि सगळ्यात जास्त त्यावरच अडतं. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणून जागा रिकामी आहे का, आणि त्या सरांनी किंवा मॅडमनी आजवर कशावर काम केलंय, हे दोन्ही आधी पाहा. आपला प्रश्न एका पानात लिहून पाठवा. उत्तर नाही आलं तर स्वतः जाऊन भेटा, पण वडिलांना सोबत बोलायला नेऊ नका. काका-बाबांनी विभागाबाहेरच्या बाकड्यावर बसावं, आत मुलीने एकटीने बोलावं. गाइडला पुढची चार-पाच वर्षं तिच्याशीच बोलायचंय.

कुठे अर्ज करायचा, यात सीमेवरच्या माणसाची खरी गोची आहे. नागपूर, अमरावती जवळ आहेत, पण महाराष्ट्राच्या राज्य विद्यापीठांत मध्य प्रदेशचा जातीचा दाखला आरक्षणाला चालत नाही. बार्टी, सारथी, महाज्योती या तिथल्या सरकारी संस्थांच्या फेलोशिपही महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहेत. मामा काटोलला राहतो म्हणून त्या मिळत नाहीत. केंद्रीय विद्यापीठांत ही अडचण येत नाही, तिथे केंद्राची यादी चालते. म्हणून वर्ध्याचं महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आणि सागरचं डॉ. हरीसिंह गौर विश्वविद्यालय ही नावं मी आधी सांगतो. वर्ध्याला १९३७च्या ऑक्टोबरात गांधीजींच्या पुढाकाराने नई तालीम या शिक्षणविचाराची परिषद झाली होती. मातृभाषेतून शिक्षण हा त्या विचाराचा एक पायाच होता. आपला विषय त्याच गावी मांडणं काही वाईट नाही. राज्य बदलून जाणार असाल तर मायग्रेशन प्रमाणपत्र, श्रेणीचं टक्क्यांत रूपांतर केल्याचं पत्र आणि केंद्राच्या नमुन्यातला जातीचा दाखला आधी काढून ठेवा.

पालकांनी एका गोष्टीवर मात्र डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं. ‘घरबसल्या दोन वर्षांत पीएच.डी., प्रबंधासकट’ असं सांगणारे एजंट तहसिलीच्या गावांतही फिरतात. दोन वर्षांची पीएच.डी. नियमातच नाही. जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने राजस्थानातल्या तीन खासगी विद्यापीठांना पाच वर्षं पीएच.डी. प्रवेश बंद केले, कारण पदव्या देताना नियम धाब्यावर बसवले होते. विकत घेतलेला प्रबंध पकडलाही जातो: यूजीसीच्या २०१८च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांहून जास्त मजकूर दुसरीकडचा निघाला की प्रबंध परत येतो, आणि साठ टक्क्यांच्या वर गेला की नोंदणीच रद्द. एजंटाला द्यायचे पैसे ठेवायचेच असतील तर नेटच्या पुस्तकांसाठी आणि वर्धा-सागरच्या येण्याजाण्यासाठी ठेवा. पुढच्या नेटचा अर्ज निघेपर्यंत मुलीला जवळच्या प्राथमिक शाळेत, मुख्याध्यापकांची परवानगी काढून, आठवड्यातून एक दिवस मागच्या बाकावर बसू द्या. वही तेवढी सोबत असू द्या.