घरच्या मीटरवर थ्री फेज लेथ

बाळ्या, लेथ घेतलास, झकास केलंस. पण घरच्या सिंगल फेजवरून थ्री फेज देणाऱ्या ड्राइव्हच्या (व्हीएफडी) दुकानात जायच्या आधी मोटरची नेमप्लेट फडक्याने पुसून नीट वाच. दोन-तीन एचपीपर्यंतची मोटर असेल आणि प्लेटवर 415 व्होल्ट, स्टार असं असेल, तर निम्मं काम झालं म्हण. टर्मिनल बॉक्सचं झाकण काढ. आत सहा टोकं दिसायला हवीत. त्यातली तीन पितळी पट्ट्यांनी एकत्र बांधलेली असतात, तो स्टार. त्याच पट्ट्या उभ्या लावल्या की डेल्टा, आणि तीच मोटर 240 व्होल्टवर पूर्ण ताकदीने फिरते. हिशोब साधा आहे, 415 ला 1.732 ने भाग. करंट मात्र तेवढ्याच पटीने वाढतो, म्हणून ड्राइव्हमध्ये तो आकडा नव्याने भरायचा.

तीनच वायरी बाहेर आल्या असतील तर स्टारचा सांधा आत वाइंडिंगमध्ये आहे. उकरत बसू नकोस, रिवाइंडिंगवाल्याकडे टाक. आणि 415 ला मुळातच डेल्टा असलेली 5 एचपीची मोटर निघाली, तर तिचा नाद सोड. सिंगल फेजचा साधा ड्राइव्ह व्होल्टेज चढवून देत नाही. नुसता कपॅसिटर लावून चालवणारे भेटतील. मोटर फिरते, पण खोल कट घेतला की गुरगुरून बसते.

ड्राइव्हपासून मोटरपर्यंत वायर सरळ ने. लेथचा जुना फॉरवर्ड-रिव्हर्स स्विच मध्ये ठेवलास आणि चालू मोटर तोडलीस, तर ड्राइव्ह उडू शकतो. त्या स्विचचे काँटॅक्ट ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलला दे. चक आट्यांवर बसणारा असेल तर झटक्यात ब्रेक लावू नकोस, चक सुटून अंगावर येतो. वेग कमी हवा तर पट्टा बदल, बॅक गिअर लाव. ड्राइव्हने 15-20 हर्ट्झवर तासभर चालवलीस तर मोटरचा पंखाच मंदावतो आणि वाइंडिंग तापतं. बीडाच्या भुकटीपासून ड्राइव्ह लांब, भिंतीवर बसव.

मेन बंद केल्यावर दहा मिनिटं ड्राइव्हच्या झाकणाला हात नको. आत सव्वातीनशे व्होल्ट डीसी साठलेला असतो. अर्थिंग पक्कं हवं, मेन बोर्डापासून लाइन स्वतंत्र हवी; वहिनींच्या मिक्सरच्या प्लगवर लेथ नको.

हौस आहे तोवर घरगुती मीटर चालेल. पैसे घेऊन जॉब करायला लागलास की महावितरणकडून कनेक्शन बदलून घे. नाहीतर 2003च्या वीज कायद्याचं कलम 126 लागू शकतं आणि मग आकारणी दुप्पट दराने होते.