मे महिन्यात आदिलाबादेत हॉक किती वेगाने उतरेल? काढा कागदावर!

कागद, पेन आणि मोबाइलचा कॅल्क्युलेटर घेऊन बसा. विमान बिदरचं घेऊ, हवाई दलाचे नवे फायटर वैमानिक ज्यावर हात बसवतात ते हॉक. उतरवू मात्र आपल्या आदिलाबादच्या जुन्या हवाईपट्टीवर. त्यासाठी आधी स्टॉलचा वेग काढू. स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे हं! वेग इतका घटतो की पंखांना विमानाचं वजन पेलवत नाही, तो स्टॉल.

१. कागदावर दोन रकाने पाडा: डावीकडे ‘डिसेंबरची पहाट, ७ अंश’, उजवीकडे ‘मेची दुपार, ४३ अंश’.

२. वर वजन लिहा, ५,००० किलो. उतरताना टाकी बरीच रिकामी असते. कमाल वजन ९,१०० किलो आहे, ते घातलंत तर पुढचं सगळं चुकेल.

३. वजनाला ९.८१ ने गुणा. ४९,०५०.

४. दुप्पट करा. ९८,१००. याला चौकट करा, दोन्ही रकान्यांत लागेल.

५. पंखांचं क्षेत्रफळ १६.७ चौरस मीटर, त्याला १.८ ने गुणा. ३०.०६ येईल. १.८ हा लिफ्टचा, म्हणजे पंखांच्या उचलीचा, गुणांक मी फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) पूर्ण खाली आहेत असं समजून अंदाजाने धरलाय. फ्लॅप वर असतील तर तो चालणार नाही.

६. हवेची घनता लिहा: डावीकडे १.२२, उजवीकडे १.०८. आपलं गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २६४ मीटर उंच, ते यात आलंय.

७. ३०.०६ ला घनतेने गुणा. ३६.६७ आणि ३२.४६.

८. चौकटीतल्या आकड्याला यांनी भागा. २,६७५ आणि ३,०२२. उत्तर शून्य पूर्णांक काहीतरी आलं, तर भागाकार उलटा झालाय.

९. वर्गमूळ काढा. ५१.७ आणि ५५. घाईत ही पायरी हमखास राहते!

१०. ३.६ ने गुणा. ताशी १८६ आणि १९८ किलोमीटर. हे झाले स्टॉलचे वेग.

११. त्यांना १.३ ने गुणा. २४२ आणि २५७. धावपट्टीकडे येताना एवढा वेग हाताशी हवा.

१२. वजाबाकी करा. १५! तेच विमान, तीच पट्टी, फक्त ऊन वेगळं. पण वैमानिकाने वेगाच्या काट्यावर हे १५ वाढवायचे नाहीत. काटा हवेचा दाब मोजतो, म्हणून दोन्ही वेळा तो एकच आकडा दाखवतो. वारा पडलेला असेल तर जास्तीचा वेग सोसावा लागतो टायरांना आणि ब्रेकांना.

१३. आता १९८ ला १.४१ ने गुणा. २७९. उंची न सोडता विमान ६० अंश कलवून वळवलं, तर स्टॉलचा वेग इथवर चढतो.

१४. हा आकडा अकराव्या पायरीतल्या २५७ शेजारी लिहा. बघा, २५७ कमी पडले! पट्टी समोर दिसतेय म्हणून शेवटच्या क्षणी करकचून वळायचं नाही. वळण चुकलंच, तर इंजिनाला जोर द्या, वर जा आणि फेरी मारून पुन्हा या.