वचन-चिंतन : नाद, आकृती आणि करस्थलीचे लिंग



भोपाळच्या गोविंदपुरा भागातील एका शरण भगिनींचा प्रश्न या खेपेस चिंतनासाठी घेतला आहे. इष्टलिंगपूजेत षडक्षरी मंत्राचा जप करता करता तो आपोआप थांबतो आणि अर्थ नसलेला, गुणगुणल्यासारखा ध्वनी आतून ओठांवर येतो. त्याच वेळी ताटलीतील भस्मात बोट फिरून काही आकृती उमटते. ही साधना म्हणावी की मनाचा खेळ? शिवाय, ज्यांना कन्नड येत नाही अशा आपल्या मुलांनी वचने नुसती सुरात म्हटली तर चालेल का, असेही त्या विचारतात. प्रश्न दोन दिसले तरी मूळ एकच आहे. अर्थाच्या आधी जो नाद येतो, त्याचे काय करावे?

याचे उत्तर अल्लमप्रभूंच्या चरित्रात आहे. प्रभुदेव मूळचे मद्दळे वाजविणारे. मृदंगासारखे हे वाद्य म्हणजेच त्यांचे जगणे होते. हरिहर कवीने आपल्या रगळे काव्यात सांगितलेली कथा आपण ऐकलीच असेल. पत्नीच्या वियोगाने वेडेपिसे होऊन भटकताना ते पायाच्या नखाने जमीन उकरत बसले, तेव्हा मातीतून सोन्याचा कळस वर आला. खणून पाहता खाली देऊळ, आणि आत अनिमिषय्या नावाचे शिवयोगी करस्थली लिंग धरून, पापणी न लववता बसलेले. त्या हातातले लिंग अल्लमांच्या हाती आले आणि मद्दळेकाराचा प्रभुदेव झाला. आयुष्यभर बोटांनी नाद उठविणाऱ्या या पुरुषाला ज्ञान झाले ते एका निःशब्द मूर्तीपुढे. नाद वाया गेला असे मात्र समजू नका. ज्याचे कान इतके तयार होते, त्यालाच ती शांतता ऐकू आली, असे मला वाटते.

पुढे याच प्रभुदेवांनी बेडगिन वचने, म्हणजे कूटवचने सांगितली. त्यांतील चित्रे सरळ अर्थाने लागत नाहीत. नंतरच्या टीकाकारांनी एकेका प्रतिमेचा तात्त्विक अर्थ लावून दिला. ते काम मोठेच आहे. पण टीका हाती घेण्याआधी कूटवचन चार दिवस तसेच मनात राहू द्यावे. कोडे सुटले की आपण ते बाजूला ठेवतो. न सुटलेले आपल्याला आत ओढत नेते. लिंगाला आपण नाद, बिंदू व कला यांच्या पलीकडचे म्हणतो. पलीकडचे म्हणायचे तर या तिन्हींतून जावे लागतेच, पण तेथे मुक्काम करावयाचा नाही.

गोविंदपुऱ्यातील मंडळींना हे समजणे अवघड नाही. १९५६ साली हेवी इलेक्ट्रिकल्स म्हणून स्थापन झालेला आणि पुढे ‘भेल’ झालेला कारखाना त्यांच्या शेजारीच आहे. तेथे ट्रान्सफॉर्मर तयार होतात. आपल्या ५० आवर्तनांच्या विजेवर ट्रान्सफॉर्मरचा गाभा सेकंदाला १०० वेळा सूक्ष्म आकुंचन-प्रसरण पावतो आणि त्यातून घूं घूं असा आवाज येतो. जुना जाणकार कामगार त्या आवाजातला फरक कानाने ओळखतो. तरीही आवाज म्हणजे वीज नव्हे, आणि आवाज चांगला लागला म्हणून कोणाच्या घरात दिवा लागत नाही.

तेव्हा भगिनींनी तो ध्वनी दाबू नये आणि ओढून आणूही नये. आला तर येऊ द्यावा, दृष्टी मात्र डाव्या तळहातावरील लिंगावर असावी. लिंगाच्या काळ्या कंतीत जो प्रकाशबिंदू चमकतो तेथे नजर ठरली की ध्वनी बारीक होत जातो. तो विरला तर उत्तम. उलट तो ऐकण्याची चटक लागून कायक मागे पडू लागले, घरातल्या माणसांवर आवाज चढू लागला, तर त्या नादाशी आपल्याला कर्तव्य नाही. शरणांनी अनुभवाची परीक्षा नेहमी आचारातच केली आहे. आपल्याला विशेष काही प्राप्त झाले असे चारचौघांत सांगणे तर टाळावेच. तेथून बुवाबाजी फार दूर नाही.

मुलांना मात्र खुशाल गाऊ द्या. ताल-मात्रांचे ज्ञान नसताही भावाने गाण्याची मोकळीक महात्मा बसवण्णांनी स्वतः घेतली होती. मुलांना भाषेच्या परीक्षेला बसविणारे आपण कोण? वचन आधी कानात बसू द्यावे. अर्थ आठवड्यातून एकदा, जेवणानंतर, मराठीत सांगावा. शाळेमुळे मुले हिंदीत विचार करीत असतील तर हिंदीत सांगितला तरी बिघडत नाही. मन्मथ स्वामींनी ‘परमरहस्य’ मराठी ओवीत लिहिले ते लोकांना कळावे म्हणूनच.

भस्मातली आकृती कागदावर उतरवून जपून ठेवावी का, असेही पत्राच्या शेवटी विचारले आहे. ठेवू नये. तेच भस्म तीन बोटांवर घेऊन कपाळी लावावे, ताटली पुसावी आणि स्वयंपाकाला लागावे.